सात सह्या, दोन सर्टिफिकेटं

आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेचं लेटरहेड नीट बघितलंय का कधी? वाचनालय, व्यायामशाळा, शिक्षण मंडळ, काहीही घ्या. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दोन रजिस्ट्रेशन नंबर असतात. एक 'महा.'ने सुरू होतो, मधे आकडा आणि साल, शेवटी जिल्ह्याचं नाव. दुसऱ्याच्या सुरुवातीला एक अक्षर असतं, बहुतेक वेळा 'एफ'. यवतमाळला शाळांच्या पाट्या वाचत मी लहानाचा मोठा झालो, पण एका संस्थेला दोन नंबर का, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. डेटाबेसवर पोट भरायला लागल्यापासून मात्र एका गोष्टीला दोन आयडी दिसले की हात शिवशिवतात. कुणीतरी, कधीतरी, दोन वेगळ्या सिस्टिम जोडलेल्या असणार!

हा सगळा खटाटोप सुरू झाला तो गावाकडच्या एका मित्राच्या फोनमुळे. त्याच्या मुलीच्या शाळेत पालकांनी वर्गणी काढून विज्ञानाच्या प्रयोगशाळेसाठी पैसे जमवलेत. पैसे तिघांच्या नावावरच्या जॉइंट खात्यात. त्यातल्या एकाची बदली झाली, दुसऱ्याची मुलगी दहावी होऊन शाळेबाहेर पडली, आणि आता पालकांच्या मीटिंगमध्ये रोज नवीन कुजबुज. पैसे कुणाचे? खात्याचे मालक कोण? खातेदार उद्या वारला तर बँक पैसे कुणाला देणार, संघाला की त्याच्या बायकोला? म्हणून संघ रीतसर रजिस्टर करायचं ठरलं, धर्मादाय संस्था म्हणून. "पण वकील म्हणते दोन सर्टिफिकेटं लागते. काहून बे दोन? एकात भागत नाही काय?"

नाही भागत. का, ते सांगतो. पण त्यासाठी जरा मागे, १८६० पर्यंत जावं लागेल.

१८५७ चा उठाव मोडून कंपनी सरकार जाऊन राणीचं सरकार आलं, त्यानंतर दोन वर्षांच्या आतच सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्ट झाला. नमुना इंग्लंडातल्या १८५४ च्या एका कायद्याचा, जो तिथल्या साहित्यिक आणि वैज्ञानिक संस्थांसाठी केला होता. हिंदुस्थानात तोवर वाचनालयं, ज्ञानप्रसारक सभा, अनाथ फंड निघायला लागले होते आणि सगळ्यांची अडचण माझ्या मित्रासारखीच: माणसं जमली, पैसे जमले, पण कायद्याच्या दृष्टीने 'संस्था' नावाचं काही अस्तित्वातच नाही. इमारत कुणाच्या तरी नावावर, खटला भरायचा तर कुणाच्या तरी नावाने.

कायद्याने मार्ग फार सोपा काढला. कुठल्याही साहित्यिक, वैज्ञानिक किंवा धर्मादाय हेतूने सात माणसं एकत्र आली, एका कागदावर संस्थेचं नाव, उद्दिष्टं आणि कारभाऱ्यांची नावं लिहिली, खाली सह्या केल्या, सोबत नियमावली जोडली, की झाली संस्था. या कागदाला आपण 'ज्ञापन' म्हणतो. ज्ञापन द्यायचं कुठे? तर जॉइंट स्टॉक कंपन्यांच्या रजिस्ट्रारकडे. म्हणजे जिथे गिरण्यांची आणि व्यापारी कंपन्यांची नोंद, तिथेच वाचनालयाची. आणि फी पन्नास रुपये, 'किंवा सरकार ठरवेल त्याहून कमी'. १८६० साली पन्नास रुपये म्हणजे खेड्यातल्या मास्तरचा कित्येक महिन्यांचा पगार! दार उघडं होतं, पण उंबरठा उंच होता. (या कायद्याच्या प्रस्तावनेत 'राजकीय शिक्षणाचा प्रसार' हाही एक हेतू आहे. तो १९२७ साली घातला गेला. कुणाच्या आग्रहावरून ते शोधायला आवडेल, पण तो दुसऱ्या वीकेंडचा विषय.)

या कायद्याचा स्वभाव लक्षात घ्या. तो संस्थेवर विश्वास ठेवतो. वार्षिक सभा झाली की चौदा दिवसांत नव्या कार्यकारिणीची यादी पाठवा, एवढीच मुख्य अपेक्षा. हिशेब तपासायला कुणी येणार नाही.

आणि आपला जिल्हा? तेव्हा 'यवतमाळ जिल्हा' हे नावही नव्हतं. आधी वणी जिल्हा होता, 'यवतमाळ' हे नाव १९०५ साली मिळालं. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात, पण कागदोपत्री मालक निजाम. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत, वेगळ्या अधिसूचनेने लावावे लागत. ही लटकती अवस्था बरीच वर्षं चालली. पुष्कळसे केंद्रीय कायदे वऱ्हाडाला नीट लागू व्हायला १९४१ चा बेरार लॉज ॲक्ट यावा लागला. मुंबई-पुण्यात संस्थांचं पीक येत होतं तेव्हा आपण कायद्याच्या नकाशावर धड आतही नव्हतो आणि धड बाहेरही नव्हतो.

म्हणून इथे संस्था निघाल्या नाहीत असं नाही. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेत यवतमाळात राष्ट्रीय शाळा निघाली होती, तपस्वी बाबासाहेब परांजपे तिचे प्रमुख. नागपूरच्या शाळेतून वंदे मातरमवरून काढून टाकलेले केशव हेडगेवार पुढे याच शाळेत आले. सरकारी दडपणाखाली शाळा बंद पडली आणि मुलं पांगली. राष्ट्रीय शाळा म्हणजे सरकारी अनुदान नाही, सरकारी मान्यता नाही, सगळा भार लोकांच्या पदरमोडीवर. अशी शाळा एकदा बंद पडली की बाकं, पुस्तकं, उरलेली वर्गणी यांचं काय होतं, हे मला नेहमी कुतूहलाचं वाटतं.

आता दुसरं सर्टिफिकेट. ते येतं अगदी उलट्या भावनेतून, अविश्वासातून.

धर्मादाय हा शब्दच आपल्याकडे जुना. व्यापारी पावतीत मालाची किंमत, हमाली, तोलाई आणि शेवटी 'धर्मादाय' म्हणून काही पैसे लावायची रीत होती. गोरक्षण, धर्मशाळा, पाणपोई यासाठी. कापसाच्या मुलखातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पैसे गिऱ्हाइकाकडून नाहीतर शेतकऱ्याकडून घेतलेले, धर्माच्या नावाने घेतलेले, पण पडून राहायचे पेढीच्या वहीत. पेढी बुडाली की धर्मही बुडाला. मोठ्या प्रमाणावर हीच गोष्ट देवस्थानांची. जमिनी, दागिने, उत्पन्न भरपूर, हिशेब कुणी मागायचा नाही.

हिशेब मागणारा आपल्याच वऱ्हाडातून निघाला, हे मला या सगळ्या वाचनात सापडलेलं सगळ्यात आवडतं प्रकरण. पंजाबराव देशमुख. आपण त्यांना शिवाजी शिक्षण संस्थेमुळे आणि देशाचे कृषिमंत्री म्हणून ओळखतो. १९३० च्या दशकात मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात त्यांनी हिंदू देवस्थान संपत्तीचं बिल आणलं. देवळांच्या संपत्तीवर सार्वजनिक नियंत्रण असावं आणि ती लोकांच्या उपयोगी पडावी, असा रोख. सनातनी मंडळी तुटून पडली. पण बिलापेक्षा मला त्यामागचा विचार महत्त्वाचा वाटतो. जो माणूस शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळा काढत फिरतोय, त्याला गावात पैसा कुठे आहे हे बरोबर दिसत होतं. पैसा होता, तो दान म्हणूनच दिलेला होता, फक्त शाळेपर्यंत पोचत नव्हता.

तिकडे मुंबई सरकारने १९३५ साली ट्रस्टच्या नोंदणीचा एक कायदा केला होता, पण त्यात दम नव्हता. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती तेंडोलकरांची समिती नेमली गेली आणि १९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला. (आता नावात 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आहे, वकील मंडळी मात्र अजून सवयीने 'बीपीटी ॲक्ट'च म्हणतात.) त्यातून 'धर्मादाय आयुक्त' हे पद तयार झालं. प्रत्येक सार्वजनिक ट्रस्टने नोंदणी करायची, हिशेब ठेवायचे, तपासून घ्यायचे, जमीन विकायची तर परवानगी घ्यायची. व्यापाऱ्याच्या पावतीतला तो 'धर्मादाय'सुद्धा सुटला नाही, कलम ५४ त्याच्यासाठीच आहे. धर्माच्या नावाने जे घेतलं त्याचा व्यापारी हा मालक नाही, विश्वस्त आहे आणि त्याने वर्षाचा हिशेब द्यायचा. माझ्या मते अख्ख्या कायद्याचं सार या एका कलमात आहे.

कायद्याला आव्हान मिळालंच. १९५४ साली रतिलाल गांधी खटल्यात सुप्रीम कोर्टाने बराचसा कायदा टिकवला. पण धार्मिक ट्रस्टवर खुद्द आयुक्तांनाच विश्वस्त म्हणून बसवता येईल, यासारख्या काही तरतुदी उडवल्या. देखरेख करा, गादीवर बसू नका.

आता जोडणी कुठे झाली ते बघा. १९५० च्या कायद्यात 'सार्वजनिक ट्रस्ट'ची जी व्याख्या आहे, तिच्यातच 'धर्मादाय हेतूने स्थापन झालेली आणि १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली सोसायटी' हे शब्द घातलेत. झालं! म्हणजे सोसायटी म्हणून जन्माला आलात की लगेच ट्रस्ट म्हणून दुसरी नोंदणी सक्तीची. पहिलं सर्टिफिकेट म्हणतं, 'तुम्ही आहात.' दुसरं म्हणतं, 'आमचं तुमच्याकडे लक्ष आहे.' आणि ते अक्षर? नोंदवह्या वेगवेगळ्या आहेत. हिंदू धार्मिक ट्रस्टची 'ए', मुस्लिम 'बी', पारशी 'सी', इतर 'डी', धर्मादाय ट्रस्ट 'ई' आणि सोसायट्यांची 'एफ'. पालक संघाने सोसायटीच्या वाटेने नोंदणी केली की तो 'एफ'मध्ये जाणार. टेबल तेच, प्रिफिक्स वेगळा :)

विदर्भाच्या नशिबी इथेही एक जादा व्हर्जन होतं. १९५० साली यवतमाळ मुंबई राज्यात नव्हतंच, मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. मध्य प्रदेशाने १९५१ साली स्वतःचा ट्रस्ट कायदा केला आणि त्यात ट्रस्टचे रजिस्ट्रार म्हणजे कलेक्टर. जो अधिकारी सारा गोळा करणार, दुष्काळ बघणार, तोच ट्रस्टही बघणार. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि मग १९५९ च्या एकीकरण कायद्याने मुंबईचा कायदा इकडे आणायची सोय झाली. म्हणजे जुन्या एखाद्या शिक्षण मंडळाच्या कपाटात कलेक्टर कचेरीचा कागदही असू शकतो आणि धर्मादाय कार्यालयाचाही. जुन्या संस्थांच्या भांडणात ही कपाटं उघडली जातात तेव्हा हे कागद सोनं ठरतात.

इतका इतिहास सांगितल्यावर मित्र म्हणाला, "बरं, मंग आमचा संघ धर्मादाय हाय का नाही तेवढं सांग." खरी मेख इथेच आहे.

धर्मादाय म्हणजे काय, याची इंग्रजी कायद्यातली यादी १६०१ सालची, पहिल्या एलिझाबेथच्या काळातली. त्यात शाळा आहेत, पुलांची दुरुस्ती आहे, कैद्यांची खंडणी भरून सुटका आहे, गरीब मुलींची लग्नंसुद्धा आहेत. १८९१ च्या पेमसेल खटल्यात ही यादी चार खणांत बसवली गेली: गरिबी निवारण, शिक्षण, धर्म आणि इतर लोकोपयोगी कामं. आपल्या कायद्याचं कलम ९ याच घराण्यातलं, शिक्षण त्यात स्पष्ट आहे. तेव्हा वाटतं, शाळेचा पालक संघ म्हणजे शिक्षण, म्हणजे धर्मादाय. प्रश्न मिटला.

पण नाही मिटत. काम चांगलं असून भागत नाही, ते 'सार्वजनिक' असावं लागतं. १९५१ साली इंग्लंडात ओपेनहाइम नावाचा खटला गाजला. एका बड्या तंबाखू कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी ट्रस्ट होता. कर्मचारी किती? एक लाख दहा हजारांहून जास्त! तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की हा धर्मादाय नाही, कारण या सगळ्या मुलांना जोडणारा धागा खाजगी आहे, एकाच मालकाची नोकरी. आकडा मोठा म्हणून खाजगी गोष्ट सार्वजनिक होत नाही. आपल्या सुप्रीम कोर्टानेही १९५६ मध्ये देवकीनंदन खटल्यात फरक असाच सांगितला. लाभ घेणारी माणसं ठरलेली, मोजता येण्यासारखी असतील तर खाजगी, सतत बदलणारा जनसमूह असेल तर सार्वजनिक. तो खटला एका देवळाचा होता, पण तत्त्व आपल्या कामाचं आहे.

हे पालक संघाला लावून बघा. 'सभासदांच्या पाल्यांच्या हिताचे रक्षण करणे' असं उद्दिष्ट लिहिलं की तुम्ही स्वतःसाठी जमलेले लोक झालात. त्यात गैर काही नाही, गृहनिर्माण सोसायटी तेच करते. पण तो धर्मादाय नव्हे. 'अमुक शाळेत शिकणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी साहित्य, ग्रंथालय, प्रयोगशाळा, शिष्यवृत्ती यांची सोय करणे' असं लिहिलं की चित्र बदलतं. आज न जन्मलेलं पोरगंही उद्या त्या शाळेत येऊ शकतं आणि ज्याच्या बापाने वर्गणी दिली नाही त्यालाही तीच परीक्षानळी हातात मिळते. मित्राच्या गटात नेमका यावरूनच वाद पेटला होता. काही जणांचं म्हणणं, वर्गणी दिली त्यांच्याच मुलांना प्रयोगशाळा वापरू द्यायची. हे म्हणणं मला मुळीच पटत नाही, पण पटण्याचा प्रश्नच नाही. असं करायचं असेल तर दुसरं सर्टिफिकेट विसरा.

वाचकांपैकी काही जण इथे विचारतील, शाळेत पीटीए असतेच की, मग वेगळा संघ कशाला? असते. खाजगी शाळांत पालक-शिक्षक संघ फी नियमनाच्या २०११ च्या कायद्याने सक्तीचाच आहे. कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडली जाते आणि फीचा प्रस्ताव तिच्यासमोर यावा लागतो. पण अध्यक्ष मुख्याध्यापक. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातली शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. या दोन्ही समित्या कायद्याने जन्मलेल्या, त्यांना धर्मादाय कार्यालयात जावं लागत नाही. त्या शाळेचा भाग आहेत. पालकांनी स्वतंत्रपणे उभा केलेला, स्वतःच्या नावाने खातं आणि मालमत्ता ठेवणारा संघ हे तिसरंच प्रकरण. पीटीए असताना तो काढू नये असं कुठे नाही, पण तो काढल्याने फीच्या प्रश्नावर पीटीएचे अधिकार त्याला मिळत नाहीत. फीसाठी भांडायचं असेल तर पीटीएत शिरा, प्रयोगशाळा बांधायची असेल तर संघ काढा, असं माझं मत.

आणि फक्त एकदाच वर्गणी काढून मोकळं व्हायचं असेल तर गणपती मंडळांची वाट आहे. तात्पुरत्या वर्गणीसाठी मंडळं धर्मादाय कार्यालयाकडून परवानगी घेतात, नंतर हिशेब देतात. दहा दिवसांच्या कामाला तेवढं पुरतं. प्रयोगशाळेला पुरत नाही.

संघच काढायचा तर रस्ता साधारण असा. सात जणांच्या सह्यांचं ज्ञापन, नियमावली, कार्यालयाच्या पत्त्यासाठी जागामालकाचं ना हरकत पत्र. जिल्ह्यातलं धर्मादाय कार्यालयच सोसायटीची नोंदणीही करतं, त्यामुळे दोन कायदे असले तरी जिना एकच चढायचा. सोसायटी झाली की तीन महिन्यांच्या आत ट्रस्टच्या नोंदणीचा अर्ज. मग चौकशी होते: ट्रस्ट आहे का, तो सार्वजनिक आहे का, मालमत्ता कुठली, हेतू काय. ही चौकशी म्हणजे नुसती खानापूर्ती नव्हे, वर सांगितलेला सगळा वाद त्या एका प्रश्नात दडलेला असतो. आयकरातली सवलत या दोन्हीत येत नाही, तो वेगळ्या खात्याचा वेगळा दरवाजा.

पण माझ्या मते पालक संघाची खरी परीक्षा नोंदणीनंतर असते. १९५० चा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर देवस्थानाचा विश्वस्त होता, वीस-तीस वर्षं खुर्ची न सोडणारा. पालक मात्र जन्मतःच तात्पुरता. मुलगी दहावी झाली की त्याचा शाळेतला जीव संपला. दर दोन-तीन वर्षांनी अख्खी कार्यकारिणी बदलते आणि दर बदलाला कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो, नव्वद दिवसांत. पहिली टीम उत्साहाने रजिस्ट्रेशन करते, दुसरी कसाबसा अर्ज देते, तिसरीला असा अर्ज असतो हेच माहीत नसतं. मग कागदावर कारभारी ते, ज्यांची मुलं इंजिनिअर होऊन हिंजवडीला पोचली, आणि बँक सही मागते त्यांचीच. म्हणून नियमावलीतच लिहून ठेवा म्हटलं: निम्मी कार्यकारिणी एका वर्षी, निम्मी दुसऱ्या, आणि एक जागा माजी पालकासाठी राखीव, ज्याचं काम फक्त कागद सांभाळणं. आपल्या भाषेत, डॉक्युमेंटेशन.

आणि संघ बंदच करायचा झाला तर? सात सह्या करण्याआधी सगळ्यांना वाचून दाखवावं असं कलम १८६० च्या कायद्यात तेव्हापासून आहे, चौदावं. देणी फेडून जे उरेल, त्यातला एक रुपयाही सभासदांत वाटायचा नाही. हजर सभासदांपैकी किमान तीन पंचमांश म्हणतील त्या दुसऱ्या संस्थेला तो द्यायचा. गावात दुसरी शाळा असतेच.